अंगठ्याचा सांधा दुखत असताना प्रस्तरारोहणासाठी कडक सोलचे बूट कसे निवडावेत

प्रस्तरारोहण करताना शरीराचा बराचसा भार अनेकदा बोटभर रुंदीच्या खाचेवर टेकवलेल्या पायाच्या अंगठ्यावर येतो. अंगठा निरोगी असेल तर याची जाणीवही होत नाही. पण अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजलेला, सुजलेला किंवा आखडलेला असेल, तर तीच खाच असह्य होते. सोलापूर जिल्हा सपाट असला तरी गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे, थंडीच्या दिवसांत, गदगच्या रेल्वेने कर्नाटकातील बदामीचे कडे गाठणारे आणि सुट्ट्या जोडून सह्याद्रीतील सुळक्यांवर जाणारे आरोहक इथे आहेत, आणि त्यांच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांकडून अंगठ्याची तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी ‘कडक सोलचे बूट घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. हा कडकपणा बुटाच्या नेमक्या कोणत्या भागात असायला हवा, कोणत्या दुखण्यात त्याचा उपयोग होतो आणि कोणत्या दुखण्यात त्याने त्रास वाढतो, हे समजून न घेता महागडा बूट मागवला तर पैसेही जातात आणि सांधाही दुखतच राहतो.

दुखते ते नेमके काय

पावलातील पहिले लांब हाड आणि अंगठ्याचे पहिले हाड जिथे मिळतात, तो हा सांधा. चालताना टाच उचलली जाते तेव्हा अंगठा जमिनीवरच राहतो आणि पाऊल त्याच्यावरून पुढे झुकते; म्हणजेच अंगठा या सांध्यात वरच्या दिशेने वळतो. निरोगी सांधा साधारणपणे 65 ते 75 अंशांपर्यंत असा वळू शकतो. सांध्यातील कूर्चा झिजू लागली की हा पल्ला कमी होत जातो, सांध्याच्या वरच्या बाजूला हाडाचा उंचवटा तयार होतो आणि अंगठा वर वळताना तो उंचवटाच आड येऊन दुखू लागतो. डॉक्टर या अवस्थेला हॅलक्स रिजिडस म्हणतात. कडक सोलच्या बुटाचा खरा लाभ प्रामुख्याने याच दुखण्यात होतो, कारण इथे वेदना वळण्यातून येते आणि कडक सोल ते वळणेच कमी करतो.

परंतु त्याच जागी दुखणारे प्रत्येक दुखणे हे नसते. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला असेल आणि पावलाच्या आतल्या कडेला हाडाचे टेंगूळ आले असेल, तर त्या हॅलक्स व्हॅल्गसमध्ये वेदना मुख्यतः बाजूच्या दाबामुळे होते. अशा पायाला रुंद आणि मऊ चामड्याचा बूट हवा असतो. कडक पण अरुंद बूट त्याचे हाल करतो. सांध्याच्या खाली, चवड्याच्या तळाशी, सेसॅमॉइड नावाची दोन लहान हाडे असतात. ती दुखत असतील तर अंगठा कमी वळल्याने आराम मिळतो खरा, पण त्याच जागेखाली टणक कड आली तर तीच बोचते. गाऊटचे दुखणे मात्र पूर्णपणे वेगळे आहे. रक्तातील युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून रात्री अचानक अंगठा लाल, गरम आणि इतका हळवा होतो की पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. हा सांधा गाऊटची सर्वांत नेहमीची जागा आहे. तिथे बुटाचा प्रश्नच येत नाही. आधी डॉक्टर आणि औषध, आरोहण नंतर. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय कोणताही आवळ बूट घालू नये, कारण जखम झाली तरी ती कळणार नाही.

घरी प्राथमिक अंदाज घेता येतो. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवर सपाट ठेवावे, चवडा उचलू न देता हाताने अंगठा हळूहळू वर न्यावा, आणि दोन्ही पायांची तुलना करावी. अंगठा थोडासा वर गेल्यावर अडून वरच्या बाजूला टोचत असेल, तर वळण्याच्या शेवटच्या टप्प्यात उंचवटा आड येत असण्याची शक्यता असते, आणि बुटाने तो टप्पा टाळता येतो. मधल्या टप्प्यातही सांधा करकरत दुखत असेल, तर झीज सांधाभर पसरलेली असू शकते आणि निव्वळ बुटाकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. हा अंदाज निदानाची जागा घेत नाही. अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाऊन उभे राहून काढलेला एक्स-रे पाहिल्याशिवाय बुटावर मोठा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोल कडक असला की सांध्याला काय मिळते

आरोहक अंगठ्याचे टोक खाचेवर ठेवून उभा राहतो तेव्हा खडक त्या टोकाला वर ढकलतो आणि शरीराचे वजन घोट्यामार्फत पावलाला खाली ढकलते. सांधा या दोन जोरांच्या मध्ये सापडतो. वजन 60 किलो आहे, ते सगळे क्षणभर एकाच अंगठ्याच्या टोकावर आले आणि टोक सांध्यापासून 5 सेंटिमीटर पुढे आहे असे मानले, तर सांध्याला वर मुडपणारा जोर सुमारे 30 न्यूटन-मीटर भरतो. मऊ बुटात हा जोर अंगठ्याखालून जाणाऱ्या कंडरांना सांभाळावा लागतो. त्या कंडरा सांध्याच्या मध्यबिंदूपासून अगदी जवळून जात असल्यामुळे त्यांची तरफ आखूड पडते; म्हणून वजनाच्या कितीतरी पट ताण देऊन त्यांना ओढून धरावे लागते, आणि तो सगळा ताण झिजलेली हाडे एकमेकांवर दाबण्यात जातो. म्हणून मऊ बुटात अंगठा वळताना तर दुखतोच, पण नुसते स्थिर उभे राहिल्यावरही आतून ठणकतो.

सोल कडक असला की हे काम वाटले जाते. खाचेवरून येणारा जोर सोल स्वतः पेलतो आणि मागे चवडा व पावलाच्या मध्यापर्यंत पोहोचवतो. मिडसोल, म्हणजे बाहेरचे रबर आणि आतले अस्तर यांच्या मध्ये असलेली पातळ पट्टी, हे काम सर्वाधिक करते. इथे जाडीचा परिणाम आश्चर्य वाटावा इतका मोठा असतो. एकाच पदार्थाची पट्टी असेल तर तिचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 1 मिलिमीटरऐवजी दीड मिलिमीटर जाडी घेतली तर ताठपणा सुमारे 3.4 पट होतो. त्यामुळे हाताला जवळपास सारखे वाटणारे दोन बूट खाचेवर अगदी वेगळे वागतात. बाहेरच्या रबराचाही वाटा असतो. आरोहणाच्या बुटांचे रबर बहुधा साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड असते, आणि व्हायब्रम कंपनीचे एक्सएस एज हे रबर तिच्याच एक्सएस ग्रिप टू या रबरापेक्षा टणक असल्यामुळे लहान कडांवर कमी दबते. मात्र रबर कितीही चांगले असले तरी मिडसोलची उणीव ते भरून काढू शकत नाही.

मिडसोलची जाडी जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची लांबी महत्त्वाची आहे, आणि खरेदीच्या वेळी नेमका हाच मुद्दा सुटतो. माझ्या जुन्या, वापरातून गेलेल्या जोडातला एक बूट मी नवी पेठेजवळच्या एका कारागिराकडून उघडून घेतला. त्यांनी सोल थोडा तापवला, टोकाकडून रापी आत सरकवली आणि रबर हळूहळू सोलून काढले. खाली अंगठ्याभोवती चिकटवलेला रबराचा पातळ पट्टा, त्याच्या आत पिवळट रंगाची प्लास्टिकची कडक पट्टी आणि तिच्याखाली चामड्याचे अस्तर असे थर निघाले. ती पट्टी टोकापासून सुरू होऊन चवड्याखालीच संपत होती. कारागिराने उघडा बूट दोन्ही हातांत धरून वाकवला आणि म्हणाले, “साहेब, पट्टी संपते तिथंच मोडतोय बघा. फुडं कितीबी कडक असू द्या.” पट्टीच्या शेवटाला लागून अस्तरावर आडवी घडी पडलेली होती आणि ती घडी थेट माझ्या दुखऱ्या सांध्याच्या खाली येत होती.

या एका पाहणीतून सगळे गणित स्पष्ट होते. कडक पट्टी सांध्यापाशीच संपत असेल तर बूट सांध्याच्या रेषेवरच वाकतो, आणि अंगठ्यापुरता कडक असलेला बूट सांध्याचे संरक्षण करण्याऐवजी सगळे वाकणे त्याच्यावर आणून ठेवतो. टेबलाच्या कडेवर फूटपट्टी ठेवून तिचे टोक खाली दाबल्यास पट्टी कडेपाशी सर्वांत जास्त वाकते. ती कड बरोबर सांध्याखाली येऊ नये, एवढीच आपली गरज आहे. म्हणून मिडसोल सांध्याच्या बराच मागे, निदान पावलाच्या मध्यापर्यंत, शक्य असल्यास टाचेपर्यंत गेलेला असावा. उत्पादकांच्या माहितीपत्रकात मिडसोल पूर्ण लांबीचा आहे की अर्ध्या लांबीचा, हे बहुधा दिलेले असते. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणखी एक अट आहे. सोल मागच्या बाजूला पायाशी घट्ट धरलेला असेल तरच तो तरफेसारखा काम करू शकतो. टाचेत पोकळी असेल तर बूट पुढून वर उचलला जातो, टाच आत घसरते आणि सोल सरळ राहूनही आतले पाऊल वाकते. म्हणून बोटांना मोकळीक आणि टाचेला पक्की पकड अशी दुहेरी मागणी करावी लागते, आणि ती पुरी करण्यासाठी वेल्क्रोपेक्षा लेसचा बूट केव्हाही बरा. लेसने पुढचा भाग सैल आणि मागचा आवळ ठेवता येतो. सांध्याच्या वर हाडाचा उंचवटा असेल तर लेसचा जो वेढा नेमका त्याच्यावरून जातो, तो ओवायचा सोडून द्यावा. एवढ्याशा बदलानेही खूप फरक पडतो.

कडक बूट आणि घट्ट बूट

आरोहकांमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे: बूट जितका घट्ट, तितकी पकड चांगली. कोवळ्या वयाच्या, निरोगी पायाच्या स्पर्धकाने उताराच्या उलट झुकलेल्या भिंतीवर तो पाळला तर समजू शकते. दुखऱ्या सांध्याने तो पाळता कामा नये. घट्ट बुटात बोटे मुडपली जातात, त्यांचे मधले सांधे वर उचलले जातात आणि अंगठ्याच्या मुळाचा सांधा वर वळलेल्या स्थितीत अडकून पडतो. ज्या दिशेला वळल्याने दुखते, त्याच दिशेला सांधा तासन्‌तास दाबून ठेवायचा आणि वर कडक सोलचे संरक्षण मागायचे, हे एकमेकांच्या विरुद्ध आहे. बोटे सरळ, सपाट, टोकाला जेमतेम टेकलेली असावीत आणि ताठपणा सोलकडून यावा. मऊ बूट घट्ट घालून ताठ करता येतो, हे खरे आहे. पण तो ताठपणा बुटाचा नसून आवळलेल्या बोटांचा असतो.

याच कारणाने बुटाचा आकार पाहावा लागतो. खाली वळलेल्या चोचीसारख्या टोकाचे बूट झुकत्या भिंतींसाठी बनवलेले असतात. ला स्पोर्टिव्हा कंपनीचा सोल्यूशन हा त्या प्रकारातला प्रसिद्ध बूट अंगठ्याखाली चांगला जोर देतो, पण त्याची वळलेली बांधणी आपल्या कामाची नाही. याउलट त्याच कंपनीचा मिथॉस हा बिनअस्तराच्या चामड्याचा बूट पायाला अत्यंत सुखकर असतो आणि म्हणून दुखऱ्या पायाच्या माणसाला पहिल्या क्षणी आवडतो. तो मऊ असल्यामुळे लहान खाचेवर सांध्याला वळू देतो. एक कडक पण वळलेला, दुसरा सुखकर पण मऊ. आपल्याला हवा असतो तो सपाट, लांब मिडसोलचा, टणक रबराचा, लेसचा बूट, आणि असे बूट मुख्यतः उंच भिंती व भेगांच्या आरोहणासाठी बनवलेल्या प्रकारात सापडतात.

त्या प्रकाराचे सर्वांत माहितीतले उदाहरण म्हणजे ला स्पोर्टिव्हाचा टीसी प्रो. अमेरिकी आरोहक टॉमी कॅल्डवेल यांच्या सहभागातून तो विकसित झाला. जानेवारी 2015 मध्ये केव्हिन जॉर्जसन यांच्यासह अमेरिकेतील योसेमिटीच्या एल कॅपिटन या उंच कड्यावरचा डॉन वॉल हा मार्ग मुक्त आरोहणाने, म्हणजे दोर केवळ पडल्यास सावरण्यापुरता ठेवून फक्त हातापायांनी, पूर्ण करणारे ते हेच कॅल्डवेल. चामड्याचा, घोटा झाकणारा, सपाट बांधणीचा आणि एक्सएस एज रबराचा हा बूट दिवसभर पायात राहावा आणि लहान कडांवर ताठ उभा राहावा, या हेतूने बनवलेला आहे. स्कार्पा कंपनीचा जनरेटर मिड हाही त्याच धाटणीचा. या दोहोंची किंमत मोठी आहे. खर्च परवडत नसेल तर नवशिक्यांसाठीच्या सपाट, जाड रबराच्या बुटांकडेही पाहावे. ला स्पोर्टिव्हाच्या टॅरंट्युलेसला 5 मिलिमीटर जाडीचे रबर असते. असे बूट वरच्या प्रकाराइतके ताठ नसतात, पण आकाराने बोटांना त्रास देत नाहीत आणि मध्यम प्रतीच्या दुखण्यात पुरेसे ठरू शकतात. नावापेक्षा रचना महत्त्वाची, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. मॉडेल दर काही वर्षांनी बदलतात. मिडसोलची लांबी, सपाटपणा आणि टाचेची पकड या तीन गोष्टी ओळखता आल्या की कोणत्याही कंपनीचा बूट पारखता येतो.

जुन्या काळी हा प्रश्न इतका बिकट नव्हता. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला चिकट रबर घेऊन आलेला बोरियाल कंपनीचा फिरे हा बूट उंच आणि ताठ होता. त्याच्या वरचे आवरण एका कडक फळीभोवती ओढून चिकटवलेले असे. पुढे आवरण मोज्यासारखे शिवून साच्यावर चढवण्याची पद्धत रूढ झाली, बूट मऊ आणि संवेदनक्षम झाले, आणि ताठपणा मुख्यतः मिडसोलवर सोपवला गेला.

मापाबाबत सोलापूरकरांची खरी अडचण आहे. असे बूट बहुतेकांना न पाहता मागवावे लागतात. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे सुमारे 6.7 मिलिमीटर आणि अर्धा नंबर म्हणजे सुमारे 3.3 मिलिमीटर, आपल्याकडे चपला-बुटांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या ब्रिटिश मापात एक नंबर सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे युरोपीय मापातला अर्धा नंबर हा बदल बारीक असतो आणि दुखऱ्या सांध्याला तोही जाणवतो. संध्याकाळी, दिवसभराच्या उभे राहण्याने पाय किंचित सुजलेले असताना, कागदावर दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढावी आणि मोठ्या पावलाचे माप धरावे. ही खबरदारी इथे विशेष गरजेची आहे, कारण उन्हाळ्यात पाय हिवाळ्यापेक्षा ठळकपणे फुगलेले असतात. बिनअस्तराचे चामडे वापराने बरेच सैल होते, अस्तर असलेले कमी आणि कृत्रिम कापड जवळजवळ होतच नाही. म्हणून ‘नंतर सैल होईल’ या भरवशावर कृत्रिम कापडाचा लहान बूट घेऊ नये. परत करण्याची सोय असलेल्या ठिकाणाहूनच मागवावे आणि घरातच घालून पाहावे. एकदा खडकाला लागलेला बूट कोणी परत घेत नाही.

घरातली पारख

बूट हातात आल्यावर आधी तो रिकामा वाकवून पाहावा. एका हाताने टाच धरावी, दुसऱ्या हाताच्या तळव्याने टोक वर दाबावे आणि घडी कोठे पडते ते नीट पाहावे. मग पायात घालून, बाहेरून बोटाने चाचपून आपल्या सांध्याची जागा शोधावी व तिथे खडूने खूण करावी. घडीची रेषा आणि खडूची खूण एकाच जागी येत असतील तर तो बूट आपला नव्हे, मग तो कितीही कडक लागो.

त्यानंतरची परीक्षा खाचेवर. सोलापुरातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशीच्या पायऱ्या असतात. फरशीची पुढे आलेली कड सरळ आणि टणक असल्यामुळे ती या कामाला फार सोयीची आहे. भिंतीला किंवा खांबाला धरून, बुटाचे पुढचे टोक एक सेंटिमीटरभर त्या कडेवर ठेवावे आणि हळूहळू वजन द्यावे. टाच जमिनीला समांतर राहते की खाली जाते, अंगठा आतल्या आत वर ढकलला जातो का, सांध्याच्या वर बुटाची शिवण किंवा सुरकुती टोचते का, हे लक्ष देऊन पाहावे. मिनिटभर तसेच उभे राहावे. पहिल्या काही सेकंदांत बहुतेक सगळे बूट चांगलेच वाटतात, खरी गोष्ट ठणका सुरू होईल की नाही ही असते. शेवटी पाऊल आडवे करून आतली कड आणि मग बाहेरची कड फरशीवर टेकवून पाहावी. टेंगूळ असलेल्यांना आतल्या कडेवरच बुटाची खरी किंमत कळते.

टेंगळाच्या जागी चामड्याचा बूट थोडा ताणून घेता येतो. बुटांचे काम करणारे कारागीर लाकडी साच्यावर बूट चढवून तेवढ्याच जागी फुगवटा काढून देतात. मात्र त्यांना स्पष्ट सांगावे की अंगठ्याभोवतीचा रबराचा पट्टा तापवू किंवा उचकटू नये, कारण बुटाचा ताण त्या पट्ट्यावर उभा असतो. डॉक्टरांनी चालण्याच्या बुटासाठी सुचवलेली कार्बन फायबरची पातळ पट्टी आरोहणाच्या बुटात घालण्याचा प्रयत्न करू नये. तिथे तेवढी जागाच नसते. ती पट्टी पायथ्यापर्यंत चालत जाण्याच्या बुटात घालावी. दुखण्याचा बराचसा भाग चढण्यापेक्षा त्या चालण्यात आणि उतरण्यात साचतो, आणि तिथला बूट ताठ सोलचा, टोकाला किंचित वर उचललेला असेल तर कड्याखाली पोहोचेपर्यंत सांधा थकलेला नसतो. आरोहणाच्या बुटात चालणे तर पूर्णपणे टाळावे. प्रत्येक चढाईनंतर ते काढून ठेवावेत.

खडक कोणता, पाय कसा

कडक बूट सर्वत्र सारखा लाभ देत नाही. सह्याद्रीच्या बसाल्टमध्ये पायऱ्यांसारख्या कडा, फाटे आणि भेगा मुबलक असतात आणि तिथे ताठ सोल उत्तम काम देतो. बदामीचा वालुकाश्मही बऱ्याच मार्गांवर उभा आहे आणि त्यावर आडव्या, धरण्याजोग्या कडा आहेत; सोलापूरहून विजापूर, बागलकोटमार्गे सरळ रेल्वेने जाता येत असल्यामुळे दुखऱ्या अंगठ्याच्या सोलापूरकर आरोहकासाठी ती जागा मला सर्वांत सोयीची वाटते. हंपीचे गोलसर ग्रॅनाइटचे धोंडे वेगळे. तिथे कड नसलेल्या उतरत्या पृष्ठभागावर बुटाचे रबर घर्षणाने टिकवावे लागते, त्यासाठी चवडा खडकावर पसरावा लागतो, टाच खाली सोडावी लागते आणि अंगठा आपोआप वर वळतो. कडक बूट हे वळणे रोखतो, पण रोखल्यामुळे रबराचा खडकाला होणारा स्पर्श कमी होतो आणि पाय निसटण्याची भीती वाढते. अशा जागी दुखणे वाढलेले असताना जाऊ नये, हाच प्रामाणिक सल्ला आहे. शिवाय धोंड्यांवरून खाली अंथरलेल्या जाड गादीवर उडी मारावी लागते, आणि चवड्यावर पडणारा तो धक्का कोणताही आरोहणाचा बूट झेलत नाही.

भेगांच्या आरोहणात पाऊल आडवे करून भेगेत घालतात आणि गुडघा फिरवून अडकवतात. तेव्हा सांध्याला पीळ बसतो. मुडपलेली बोटे भेगेत जाडी वाढवतात आणि दोन्ही बाजूंनी चिरडली जातात. सपाट बोटांचा ताठ बूट पातळ राहून आत सरकतो आणि पीळ सोलवर घेतो. टीसी प्रोसारखे बूट घोटा झाकणारे का असतात, हेही इथेच कळते.

पाय ठेवण्याची सवयही बदलावी लागते. खाचेवर उभे असताना टाच जितकी उंच, तितका अंगठा जास्त वळतो. म्हणून टाच खडकाच्या कडेच्या पातळीवर किंवा किंचित खाली ठेवण्याचा सराव करावा. खाच मोठी असेल तर केवळ टोक टेकवण्याची सवय सोडून चवडा खाचेवर आणावा. सांधाच आधारावर आला की वर सांगितलेली 5 सेंटिमीटरची तरफ उरतच नाही आणि मुडपणारा जोर जवळजवळ नाहीसा होतो. बाहेरच्या कडेवर उभे राहण्याची कला बहुतेक आरोहक उशिरा शिकतात. तिने भार करंगळीच्या बाजूला जातो आणि अंगठ्याला खऱ्या अर्थाने विश्रांती मिळते. फिजिओथेरपिस्टकडून अंगठ्याखालून तळव्यापर्यंत चिकटपट्टी लावण्याची पद्धत शिकून घेतली तर वर वळणे आणखी थोडे रोखता येते, पण ती पट्टी बुटातली जागा व्यापते, म्हणून बुटाचे माप घेतानाच ती लावून पाहावी.

ताठपणा टिकवणे

नवा बूट जितका ताठ असतो, तितका तो राहत नाही. मिडसोल वारंवार वाकून सैलावतो, रबर झिजून पातळ होते, आणि सहा-आठ महिन्यांच्या नियमित वापरानंतर तोच बूट पूर्वीसारखा आधार देईनासा होऊ शकतो. हा बदल इतका हळू होतो की आरोहक बुटाऐवजी आपल्या सांध्याला दोष देऊ लागतो. म्हणून खडूची परीक्षा मधून मधून पुन्हा करावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 42 अंशांवर जातो तेव्हा बंद गाडीत बूट ठेवू नयेत. सोल चिकटवणारा डिंक उष्णतेने मऊ पडतो आणि थर एकमेकांपासून सुटू लागतात. घामाने ओले झालेले बूट उन्हात न ठेवता सावलीत, वाऱ्याला, लेस पूर्ण मोकळी करून वाळवावेत.

सोलची पुढची कड गोलाकार झाली की, पण खालचा रबराचा पट्टा उघडा पडण्याच्या आधी, नवा सोल लावून घ्यावा. हे काम नेहमीच्या बूटदुरुस्तीचे नाही. आरोहणाचे खास रबर आणि दाब देऊन चिकटवण्याची साधने असलेल्या, हेच काम नेहमी करणाऱ्याकडेच बूट पाठवावा. पाठवताना जुन्या सोलच्या जाडीचे रबर मागावे, पातळ मागू नये, आणि सोल काढल्यावर मिडसोलवर आडवी घडी आहे का ते पाहून कळवायला सांगावे. घडी सांध्याच्या रेषेवर पडलेली असेल तर नव्या सोलचा खर्च करू नये. नवे रबर लावून गेलेला ताठपणा परत येत नाही, आणि तो जोड दुखऱ्या पायासाठी पुन्हा वापरू नये.